सगळा देश ईव्हीवर न्यायचा तर गाडं नेमकं कुठे अडतंय?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत राहतो, घरची डिझेल गाडी आता बदलायला आलीये आणि घरात रोज हाच विषय. पण माझा प्रश्न एका गाडीपुरता नाहीये. सरकारचं म्हणणं २०३० पर्यंत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत ३० टक्के इलेक्ट्रिक हव्यात. २०२४-२५ चे आकडे बघितले तर वर्षभरात १९-२० लाख ईव्ही विकल्या गेल्या, म्हणजे एकूण विक्रीच्या साधारण साडेसात टक्के. त्यातही गंमत अशी की तीनचाकीत अर्ध्याहून जास्त इलेक्ट्रिक, दुचाकीत सहा टक्के आणि कारमध्ये जेमतेम अडीच टक्के. सबसिडी झाली, जीएसटी ५ टक्क्यांवर आणला, २०१९ पासून केंद्राची फेम टू ही अनुदान योजना, नंतर २०२४ मध्ये तशीच पीएम ई-ड्राइव्ह आली, तरी कार एवढ्या मागे का? टीव्हीवर दोनच प्रकारची माणसं दिसतात, एक म्हणतात सगळं झालंच म्हणून समजा, दुसरे म्हणतात हे आपल्याकडे कधीच होणार नाही. मला प्रत्यक्ष ज्यांचा संबंध येतो त्यांच्याकडून ऐकायचंय, वीजवाले, सोसायटीवाले, गॅरेजवाले, रोज चालवणारे. वीज पुरेल का हा तर आमच्या वडिलांचा पहिला प्रश्न असतो.

फेज_न्यूट्रल
वीज वितरणात बरीच वर्षं काम करतोय म्हणून वडिलांच्या प्रश्नापासून सुरू करतो. वर्षाला १२ हजार किमी चालणारी कार, युनिटला सहा-साडेसहा किमी धरा, चार्जिंगमधला लॉस धरा, म्हणजे वर्षाला २००० युनिट. देशात ४ कोटी कार धरल्या आणि सगळ्या उद्या इलेक्ट्रिक झाल्या तरी ८००० कोटी युनिट लागतील. देशात वर्षाला वीज तयार होते ती १ लाख ८० हजार कोटी युनिटच्या आसपास. म्हणजे साडेचार टक्के. दुचाकी तर त्या मानाने काहीच खात नाहीत. तेव्हा वडिलांना सांगा, वीज पुरेल.

अडचण आहे ती वेळेची आणि शेवटच्या पन्नास मीटरची. माणूस संध्याकाळी सात-साडेसातला घरी येतो आणि आल्या आल्या गाडी लावतो. त्याच वेळी एसी, गिझर, मिक्सर, सगळं चालू असतं आणि सोलर बंद झालेलं असतं. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटला गेली होती, तो विक्रम दुपारचा, तेव्हा सोलर हाताशी होतं. संध्याकाळचा भार मात्र बराचसा कोळशावरच निघतो.

आता तुमच्या गल्लीत या. समजा एक सोसायटी, तिला ३१५ केव्हीएची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ढोबळमानाने तीनशे किलोवॉट झेपणारा. १५ अँपियरच्या सॉकेटवर गाडी ३.३ किलोवॉट घेते आणि भिंतीवरचा चार्जर बसवला की ७.२. चाळीस जणांनी एकदम ७.२ वर लावलं की २८८ किलोवॉट झाले, डीपी तिथेच संपली, घरातले दिवे अजून मोजलेच नाहीत. मे महिन्यात आधीच तापलेली असते ती. आणि फक्त डीपी नाही हो, जुन्या बिल्डिंगमध्ये मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची केबल बारीक, अर्थिंग नावालाच, न्यूट्रल ढिला. पहिली गाडी येते तेव्हा कुणाला काही जाणवत नाही, पाचवी-सहावी आली की बसबार (मीटर रूममधली वीज वाटणारी धातूची पट्टी) गरम व्हायला लागतो आणि मग फोन आम्हाला.

उपाय आहेत आणि फार महागही नाहीत. रात्री ११ नंतर टायमर लावून चार्ज करा, किंवा चार्जर असे घ्या की जे आपापसात लोड वाटून घेतात. चाळीस गाड्या एकदम पूर्ण रिकाम्या कधीच नसतात, रोजचं रनिंग ४० किमी म्हणजे सहा-सात युनिट, ३.३ वर दोन तासांत काम होतं. २०२३ च्या केंद्राच्या नियमांत सोलरच्या तासांत वीज १० ते २० टक्के स्वस्त आणि पीकला (सगळ्यात जास्त मागणीच्या वेळी) तेवढीच महाग अशी तरतूद आहे. माझ्या मते खरा जोर ऑफिसच्या पार्किंगवर द्यायला पाहिजे, गाडी दुपारी तिथे आठ तास नुसती उन्हात उभी असते आणि त्याच वेळी सोलर भरपूर असतं. त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

कृष्णाकाठ
दादा, हा हिशोब आज रात्री वडिलांना वाचून दाखवतो. पण सोसायटीच परवानगी देत नाही असं पुण्यातला मेव्हणा म्हणतो, त्याचं काय?

पेठेतली_ताई
मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे म्हणून दुसरी बाजू लिहिते. कमिटीतली माणसं मुद्दाम अडवतात असं नसतं हो, घाबरलेली असतात. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, ते डोक्यातून जात नाहीत. त्यानंतर बॅटरीचे नियम (एआयएस १५६) डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत कडक केले, आणि आता बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल येतात जे लवकर पेट घेत नाहीत, पण हे मीटिंगमध्ये सांगणारं कोणी लागतं ना. आम्ही एका इलेक्ट्रिशियनला बसवून सगळ्यांसमोर विचारून घेतलं तेव्हा निम्मी भीती गेली.

खरी भांडणं पैशाची. कॉमन मीटरवरून घेतलं तर बिल कोणी भरायचं, ज्याच्याकडे गाडीच नाही तो म्हणतो मी डीपी वाढवायचा खर्च का देऊ, आणि त्याचं म्हणणं चूक नाहीये. यावर फेज_न्यूट्रल दादांनी लिहिलं नाही म्हणून लिहिते, फेब्रुवारी २०२४ पासून नियमात ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन घेता येतं, स्वतःचं मीटर, स्वतःचं बिल. आमच्याकडे तसंच केलं आणि वाद मिटला.

पण ज्यांना पार्किंगच नाही त्यांचं काय हा प्रश्न मला जास्त छळतो. इथे पेठेत वाड्यांतली आणि जुन्या इमारतीतली निम्मी माणसं गाडी रस्त्यावर लावतात. समोरच्या बिल्डिंगमध्ये एकाने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडलाय, खाली स्कूटर, वरून पावसाचं पाणी, वायरचा जोड इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला आणि तिथेच पोरं क्रिकेट खेळतात. मी दोनदा जाऊन बोलले. तो म्हणतो ताई मग मी चार्ज कुठे करू, आणि माझ्याकडे उत्तर नाही. नव्या बिल्डिंगमध्ये २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय ठेवा असं २०१९ च्या मॉडेल बायलॉजमध्ये (केंद्राच्या नमुना बांधकाम नियमांत) आलं, चांगलं आहे, पण हा देश नव्या बिल्डिंगमध्ये राहत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या चार वाहनांतली तीन दुचाकी असतात, त्यामुळे बॅटरी काढून घरात नेता येईल किंवा नाक्यावर बदलून मिळेल अशी सोय हायवेच्या मोठ्या चार्जरइतकीच महत्त्वाची आहे असं मला मनापासून वाटतं. बॅटरी दहा-बारा किलोची असते, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना ती रोज वर नेणारी बाई मी पाहिलीये.

चिपळूणकर_ऑन_रोड
मी ईव्ही वापरतो, मुंबई-चिपळूण सारखं येणंजाणं. गाडीवर जीव आहे माझा, घाटात डिझेलपेक्षा कितीतरी छान ओढते, कशेडीकडे चढताना बॅटरी खाते पण उतरताना रीजनने (वेग कमी करताना मोटरच वीज बनवते त्याने) थोडी परत देते. तक्रार चार्जरची. मॅपवर हिरवा दिसतो, पोचलं की बंद. कधी गनचा (चार्जरच्या गाडीत लावायच्या प्लगचा) लॉकच सुटत नाही, कधी स्क्रीन अडकलेली, कधी गावातली लाईटच गेलेली, कधी चार्जरसमोर पेट्रोलची गाडी लावून मालक वडापाव खायला गेलेला. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, प्रत्येकात दोन-तीनशे रुपये अडकून पडलेले. ६० किलोवॉट लिहिलेल्या चार्जरला दोन गन असतात आणि शेजारी दुसरी गाडी लागली की तुम्हाला ३० च मिळतात, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. आणि ८० टक्क्यांच्या पुढे गाडी स्वतःच स्पीड कमी करते, तरी लोक १०० करत बसतात, मागे रांग. गणपतीत हे बघवत नाही, सगळा चाकरमानी एकाच दिवशी निघतो, लहान मुलं गाडीत, आणि एका चार्जरवर चार गाड्या.

२०२४ च्या शेवटी देशात २५ हजारांवर सार्वजनिक चार्जिंग स्टेशन होती, महाराष्ट्रात ३७०० च्या वर. संख्येचं मला एवढं वाटत नाही. चालू किती आहेत हे मोजायला हवं. माझं म्हणणं एकच, सबसिडी चार्जर उभा केल्यावर देऊ नका, वर्षभर चालू ठेवल्यावर द्या. बंद पडला की किती तासांत दुरुस्त व्हायला पाहिजे ते लिहून घ्या आणि नाही झाला तर दंड. अटल सेतू, समृद्धीवर आता ईव्ही कारला टोल माफ आहे, पैसे वाचतात, पण मला टोल भरायला लावला आणि चार्जर चालू ठेवला तरी मी खुशीने भरेन.

भोसरी_जॉबवर्क
सगळे गाडी चालवणाऱ्याचं बोलतायत, बनवणाऱ्याचं कोणीतरी बोला. आमचं भोसरीत छोटं वर्कशॉप, गिअर आणि शाफ्टचं ग्राइंडिंग, चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडरना माल जातो. इंजिन गेलं की पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, क्लच, सायलेन्सर, फिल्टर, रेडिएटरचा बराच भाग, इंजेक्टर, हे सगळं जातं. ईव्हीत एकच रिडक्शन गिअर असतो, पण त्याची अचूकता जास्त लागते कारण मोटर दहा-बारा हजार आरपीएमला फिरते आणि इंजिनचा आवाज नसल्यामुळे गिअरचा बारीकसा आवाजही ऐकू येतो. म्हणजे काम आहे, पण जुन्या मशिनवर होत नाही. नवीन मशीन कोटीच्या घरात जातं आणि बँक विचारते ऑर्डर दाखवा, ऑर्डरवाला विचारतो मशीन दाखवा. मधल्या मध्ये आम्ही. हाताखालची पोरं पंधरा-वीस वर्षं जुनी, त्यांची बोटं मायक्रॉन ओळखतात, त्यांना हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग कोण देणार?

आणि जे नवीन लागतं ते बाहेरून येतं. सेल चीनमधून. सेल इथे बनावेत म्हणून २०२१ मध्ये १८,१०० कोटींची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन देणारी योजना) आली, ५० गिगावॉट-तासाचं टार्गेट, काम त्याच्या खूप मागे आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटवर निर्बंध आणले तेव्हा इथल्या मोटरवाल्यांची काय धावपळ उडाली ते मी जवळून पाहिलंय, मॅग्नेट नाही तर मोटर नाही, मोटर नाही तर गाडी लाईनवरच उभी. तेल आखातातून आणायचं बंद करून मॅग्नेट चीनमधून आणायचे, एवढाच बदल व्हायचा असेल तर त्याला काय अर्थ आहे. इथल्या छोट्या कारखानदाराला सोबत घेऊन हे करा, आम्ही तयार आहोत.

डेपो_ते_डेपो
थोडं मोठ्या गाड्यांबद्दल. केंद्राचंच म्हणणं की ट्रक एकूण वाहनांच्या ३ टक्के पण वाहतुकीतल्या उत्सर्जनात ४२ टक्के वाटा त्यांचा. म्हणजे कारपेक्षा ट्रक बदलला तर जास्त फरक. पण लांब पल्ल्याच्या ट्रकला बॅटरी काही टन जड, तेवढा माल कमी, आणि मालक एका ट्रकचा, तोही हप्त्यावर. पीएम ई-ड्राइव्हमध्ये ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख मिळतात, तरी किंमत झेपत नाही. बंदर ते गोदाम, सिमेंट, स्टील, असे ठरलेल्या रूटचे आधी निघतील.

बसचं मात्र जमण्यासारखं आहे कारण ती रात्री एकाच जागी परत येते. पुण्यात भेकराईनगर डेपो २०१९ पासून ई-बसवर आहे. एसटीची ई-बस शिवाई १ जून २०२२ ला पुणे-नगर सुरू झाली, १९४८ ला पहिली एसटी त्याच तारखेला त्याच रूटवर सुटली होती. पण एसटीच्या ई-बसची मोठी ऑर्डर मात्र रखडत रखडत चाललीये, तालुक्याच्या डेपोत हाय टेन्शन लाईन आणायलाच महिने जातात.

ओस्लोहून
मूळची कोल्हापूरची, नॉर्वेत राहते. सगळे आमचं उदाहरण देतात, २०२४ मध्ये इथे नव्या कारमध्ये ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. पण तुलना जपून करा. लोकसंख्या ५५ लाख, वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची, आणि थंडीत इंजिन गरम ठेवायला पार्किंगमध्ये प्लग असायची सवय आधीपासूनच. पेट्रोल गाडीवर जबर कर आणि ईव्हीला २००१ ते २०२२ पूर्ण व्हॅट माफ, त्यामुळे ईव्ही स्वस्त पडायची. सरकारचं उत्पन्न बुडालं ते तेलाच्या पैशावर निभावलं. भारतात तर राज्यांची तिजोरी पेट्रोल-डिझेलच्या व्हॅटवर बरीच अवलंबून आहे, तो पैसा आटला की रस्ते, शाळा कशातून, हे आत्ताच ठरवायला हवं. किमीप्रमाणे कर लावावा लागेल कधीतरी, आणि तो ट्रकवाल्याला आणि स्कूटरवाल्या बाईला सारखा लागू नये.

नॉर्वेकडून एकच गोष्ट उचलण्यासारखी वाटते. धोरण पंचवीस वर्षं फारसं हललं नाही. आपल्याकडे सबसिडी दर दीड-दोन वर्षांनी कमी-जास्त होते आणि गिऱ्हाईक थांबून बसतं.

कृष्णाकाठ
एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे आभार. आमचं स्वतःचं घर आहे, अंगण आहे, रोजचं येणंजाणं सांगली-मिरज-इस्लामपूर, त्यामुळे आम्हाला काहीच अडत नाही हे आता कळलं, घेतोय. फेज_न्यूट्रल दादा, वेगळ्या मीटरला अर्ज केला तर किती दिवस लागतात, आणि वायर कितीची टाकू?

फेज_न्यूट्रल
नियमाप्रमाणे मोठी महानगरं सोडून नगरपालिका-महापालिका भागात ७ दिवस, ग्रामीणला १५. अर्ज ऑनलाइन करा, ईव्ही टॅरिफ असं स्पष्ट निवडा, नाहीतर घरगुतीत टाकतील. ७.२ चा चार्जर असेल तर मीटरपासून थेट स्वतंत्र ६ स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, अंतर तीस मीटरच्या वर असेल तर १०, मधे कुठेही जोड नको. आरसीबीओ (गळती किंवा जादा भार झाला की वीज तोडणारा स्विच) लावा आणि अर्थिंगचा खड्डा नवीन घ्या, जुन्या बोअरच्या पाइपला जोडू देऊ नका कुणाला.

पेठेतली_ताई
दादा, खिडकीतून वायर सोडणाऱ्या त्या मुलासाठी काही सुचतंय का? त्याचं मीटर तिसऱ्या मजल्यावर नाही, खाली जिन्याखाली आहे.

फेज_न्यूट्रल
मग सोपं आहे. मालकाची संमती घेऊन जिन्याखालीच मीटरजवळ एक वॉटरप्रूफ १५ अँपियरचा सॉकेट, वेगळा एमसीबी (जादा भाराला तोडणारा), आरसीसीबी (गळतीला तोडणारा), झाकणाला कुलूप. तीन-चार हजारांत होईल. त्याला माझ्याकडे मेसेज करायला सांगा, लायसन्सवाला माणूस देतो.