सरसकट जंतनाशक कशाला?

दर तीन महिन्यांनी मेंढ्यांच्या सगळ्या कळपाला एकदम जंतनाशक पाजावं, असा सल्ला या चर्चेत कुणीतरी दिलाय. मला ते पटत नाही. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. बाकीच्यांना औषध कशाला? उलट सरसकट पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात आणि पुढची पिल्लावळ त्यांचीच. आम्ही तर याहून मोठा घोळ घातला होता: सगळ्यांना औषध पाजून लगेच ताज्या कुरणात सोडल्या. म्हणजे निगरगट्ट जंतांची अंडी तेवढी नव्या गवतात पेरली! दोन वर्षांत ते औषध पाण्यासारखं झालं.

इथे अजून कुणी 'फमाचा' तक्त्याबद्दल, म्हणजे जंतांनी रक्त पिऊन मेंढी किती फिकी पडलीय ते पापणीवरून ओळखायच्या कार्डाबद्दल, बोललेलं नाही. १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघालेली पद्धत. मेंढीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढायची आणि आतला रंग कार्डावरच्या पाच छटांशी ताडून बघायचा. लालबुंद असेल तर सोडून द्या. चौथी-पाचवी, म्हणजे कागदासारखी पांढरट, असेल तर औषध पाजाच. तिसऱ्या छटेची कोकरं आणि गाभण मेंढ्या मीही पाजून घेतो. बघायचं मात्र उन्हात, गोठ्याच्या अंधारात सगळ्याच फिक्या दिसतात. आणि हे फक्त रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंतासाठी. हगवण लागलेली मेंढी पापणीवरून कळत नाही, तिथे लेंड्या तपासून घ्याव्या लागतात.