एमएस्सी मॅथ्सचे ८८ क्रेडिट कसे भरतात? आणि गणितात ओजेटी कुठं करायची?

खानदेशी_मुलगी
नमस्कार, मी २०२१ ला बीएस्सी मॅथ्स केलं, जुना तीन वर्षांचा पॅटर्न, मग घरच्या अडचणीत पुढचं राहिलं ते राहिलंच, तेव्हापासून नववी-दहावीचे क्लास घेतेय. आता एमएस्सी करायचं ठरवलंय, ज्युनिअर कॉलेजला लागायचंय, जमलं तर सेटपण (प्राध्यापकीसाठीची राज्याची परीक्षा) द्यायची. सिलॅबसच्या पीडीएफमध्ये एक तक्ता आहे, मेजर मँडेटरी, इलेक्टिव्ह, आरएम, ओजेटी, आरपी आणि खाली टोटल ८८, तीनदा वाचला पण डोक्यात काही शिरेना. ओजेटी म्हणजे नोकरी धरायची का? आणि रिसर्च प्रोजेक्ट म्हणजे नवीन थिअरम शोधायचा का?? मैत्रीण म्हणते आता एमएस्सी एका वर्षात होतं, खरंय का ते पण सांगा.

कोसेट
ताई घाबरू नका, तक्ता दिसतो तेवढा अवघड नाहीये. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात दर सेमला २२ क्रेडिट, चार सेम, झाले ८८. त्यातले ५४ मेजर म्हणजे सक्तीचे पेपर, १६ इलेक्टिव्ह (दर सेमला ४), ४ आरएम (रिसर्च मेथडॉलॉजी, म्हणजे संशोधन कसं करायचं) पहिल्या सेमला, ४ ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, नोकरी नाही, थोडे दिवस कुठंतरी प्रत्यक्ष काम शिकायचं) किंवा फील्ड प्रोजेक्ट दुसऱ्या सेमला, आणि आरपी म्हणजे रिसर्च प्रोजेक्ट तिसऱ्याला ४ अन् चौथ्याला ६. बेरीज करून बघा, जुळते. एका वर्षाचं एमएस्सी आहे पण ते चार वर्षांच्या ऑनर्स डिग्रीवाल्यांना, तुमची तीन वर्षांची म्हणजे दोन वर्षं लागणार. पहिलं वर्ष पूर्ण करून सोडायची वेळ आली तर ४४ क्रेडिटवर पीजी डिप्लोमा मिळतो, आणि एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आधीच काढून ठेवा, क्रेडिट तिथंच जमा होतात.

प्रोजेक्टला नवीन थिअरम कोणी मागत नाही हो, एखादा विषय घेऊन नीट वाचायचा, गाळलेल्या स्टेप भरायच्या, स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि व्हायव्हाला बोलायचं.

खरं अवघड वेगळंच आहे, ते तक्त्यात लिहिलेलं नसतं. आपण बीएस्सीत गणित सोडवायला शिकतो, इथं सिद्ध करायला लागतं. मला पहिल्या अल्जिब्रा इंटर्नलला २० पैकी ४ पडले होते, उत्तरं सगळी बरोबर आहेत असं वाटत होतं आणि मॅडमनी लाल पेनने जागोजागी एकच लिहिलेलं, वेल डिफाइन्ड? वेल डिफाइन्ड? मला तेव्हा कळेना की अजून काय डिफाइन करू. मग त्यांनी बोर्डावर दाखवलं, झेड सिक्समधून (६ ने भागल्यावर सारखी बाकी उरणारे आकडे एकच धरायचे) झेड फोरमध्ये (तसंच, पण ४ ने) मॅप घे, a चा क्लास, म्हणजे a इतकीच बाकी उरणाऱ्यांचा गट, a च्याच क्लासला पाठव. दिसायला सरळ. पण झेड सिक्समध्ये ० आणि ६ एकच आहेत ना, आणि झेड फोरमध्ये ६ म्हणजे २, मग एकाच माणसाला दोन पत्ते झाले. असला मॅपच नसतो, म्हणजे तो वेल डिफाइन्ड नाही. तो दिवस मी विसरलो नाही, नाव पण त्यावरूनच घेतलंय, असल्या क्लासला कोसेट म्हणतात. तर ॲडमिशनच्या आधी दोन महिने इप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या), कोसेट आणि व्हेक्टर स्पेस हाताने लिहून काढा, नुसतं वाचून काही होत नाही.

पतसंस्थेतला_गणिती
ओजेटीचं मी सांगतो कारण आमच्या बॅचला कोणी सांगितलंच नव्हतं. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, रोज ५ तास धरले तर २४ दिवस. केमिस्ट्रीवाले कंपनीत जातात, आपल्याला कोण घेणार, म्हणून मी गावच्या एका पतसंस्थेत गेलो. पहिले चार दिवस मॅनेजर काकांनी फायली लावायला दिल्या. मग एक कर्जदार भांडायला आला की दुसरीकडे आणि तुमच्याकडे व्याज १२ टक्केच सांगितलं तर तुमचा हप्ता जास्त कसा, आणि मला काम मिळालं 😄 एक लाख, एक वर्ष, १२ टक्के फ्लॅटने (वर्षभर पूर्ण मूळ रकमेवर व्याज) हप्ता ९,३३३ येतो, आणि घटत्या शिल्लकेवर ८,८८५. म्हणजे फ्लॅटचं व्याज १२,०००, दुसऱ्याचं साधारण ६,६१९. काकांना एक्सेलमध्ये तक्ता करून दिला, तोच माझा रिपोर्ट. गाईड सरांना आवडला, फक्त म्हणाले सूत्र कुठून आलं ते भूमितीय श्रेढीने सिद्ध करून जोड. तुम्ही क्लास घेताय तर शाळेत शिकवण्याची ओजेटी चालते का ते डिपार्टमेंटला विचारा, पण स्वतःच्याच क्लासचं सर्टिफिकेट बहुतेक चालणार नाही.

सरळरेषा
इलेक्टिव्हचं कोणी बोललं नाही. पीडीएफमध्ये सहा-सात नावं असतात पण कॉलेजात शिकवायला माणूस असेल तेवढेच एक-दोन चालू असतात, म्हणून ॲडमिशनच्या आधी सिनिअरला गाठा. ग्राफ थिअरी मस्त विषय आहे पण सीएसआयआर नेटच्या (सेटसारखीच, पण देशपातळीवरची परीक्षा) सिलॅबसमध्ये नाही, इंटिग्रल इक्वेशन्स आणि न्यूमरिकल ॲनालिसिस आहेत. आरएमबद्दल माझं मत वाईट आहे, गणितवाल्याला प्रश्नावली कशी बनवायची हे शिकवून काय मिळतं देव जाणे, त्यातलं लेटेक (गणिताची सूत्रं टाईप करायचं सॉफ्टवेअर) तेवढं शिकून घ्या, प्रोजेक्ट टाईप करताना कामाला येतं.
आणि ज्युनिअर कॉलेजला नुसत्या एमएस्सीवर भागत नाही, बीएड लागतंच. सिनिअर कॉलेजला शिकवायचं तर एमएस्सीला ५५ टक्के (आरक्षणात ५० चालतात) आणि सेट/नेट किंवा पीएचडी. त्यामुळे पहिल्या सेमला एटीकेटी लागली तरी नंतर निघेल म्हणून गाफील राहू नका, शेवटी ५४.६ वर अडकलेले मी बघितलेत.

खानदेशी_मुलगी
खूप आभार सगळ्यांचे, बीएडचं माहीत होतं पण ५५ चं डोक्यात नव्हतं. कोसेट दादा, ते मॅपचं रात्री वहीत करून बघितलं. झेड सिक्समधून झेड थ्रीमध्ये चालेल ना? ३ ने ६ ला भाग जातो म्हणून?

कोसेट
चालेल. आता a आणि b मधला फरक ६ ने भागला जातो इथून सुरुवात करून पूर्ण लिहा, "म्हणून"ला आमच्या मॅडम मार्क देत नव्हत्या.