टॉरेंटवरून सिनेमा मारणं कोल्हापूरकराला शोभतं का?

पेठकर:
मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो, रविवारी त्याची थेटरात चोरून शूट केलेली प्रिंट टॉरेंटवरून, म्हणजे लोक एकमेकांच्या मशीनवरून फाइल घेतात त्या सोयीतून, गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलमध्ये असते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी देशी कॅमेरा घडवला, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तिथं हे बघवत नाही. मराठी निर्मात्याच्या हातात पहिला शनिवार-रविवारच असतो. गर्दी झाली नाही की शो काढतात. मोठा हिंदी सिनेमा हा फटका सोसतो, आपला झोपतो. लाइटमन, मेकअपवाले, स्पॉटबॉय आपल्याच गावचे आहेत. त्यांना पुढचं काम कोण देणार?

जुनी_रीळ:
नव्या सिनेमाचं पटलं. पण जुने कुठं बघायचे, सांगा. पेंटरांचे बहुतेक मूकपट आज कुणालाच बघायला मिळत नाहीत. १९४८ च्या जाळपोळीत दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं. त्यापलीकडचा सिनेमा वाटला तर चोरी कसली? आणि ऐंशीच्या दशकातले कितीतरी सिनेमे ना डीव्हीडीवर, ना ओटीटीवर. कुणीतरी घरच्या कॅसेटवरून उतरवून सीड करत, म्हणजे टॉरेंटवर दुसऱ्यांसाठी फाइल चालू ठेवत बसलाय म्हणून ते दिसतात. मी ते घेतो, पुढंही घेणार.

राजारामपुरी८:
हॉस्टेलवर राहतो. मेसचं बिल भरून चार-चार ओटीटी परवडत नाहीत. एक सिनेमा इथं, दुसरा तिथं. आम्ही काय करायचं?

पेठकर:
भावा, चौघांत मिळून एक घे, महिन्यानं बदल. सिनेमा बघणं गरज आहे, पण आजचा आजच बघणं गरज नाही.

नेटवाला:
एक गोष्ट सुटतेय. टॉरेंट हे नुसतं तंत्र आहे, लिनक्स ही फुकट वापरायची कॉम्प्युटर सिस्टिमही त्यावरून मिळते. पण फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना जात असतात. त्यामुळं ‘मी फक्त घरी बघतो’ म्हणणाराही वाटपात असतोच. आणि थेटरात मोबाइल धरून सिनेमा शूट करणाऱ्याला २०२३ च्या दुरुस्तीनंतर किमान ३ महिने कैद आणि ३ लाख दंड आहे.

पेठकर:
रीळभाऊ, ६० वर्षांपलीकडचं बिनशर्त मान्य. ऐंशीच्या दशकातल्यांना मालक आहे, तिथं माझा विरोध कायम. आणि जुन्या सिनेमांचं नाव सांगून गेल्या शुक्रवारचा मारणारे मी रोज बघतो.

जुनी_रीळ:
मारणाऱ्यांना जरूर झापा. पण मालकांनाही सांगा, डब्यात ठेवलेला सिनेमा शंभर रुपये घेऊन दाखवा. त्या दिवशी माझ्याकडची फाइल काढून टाकतो.