शब्दचर्चा: आयकिदोतले उके, तोरी, ओमोते, उरा आणि तीन प्रकारचे 'काता'

प्रश्न

कराटे करून आयकिदो या जपानी युद्धकलेकडे आलेल्यांना 'उके' हा शब्द अडतो. कराटेत 'आगे-उके' म्हणजे हात खालून वर नेऊन वार अडवणे. आयकिदोत उके म्हणजे माणूस. तो काहीच अडवत नाही, उलट हल्ला तोच करतो आणि शेवटी पडतोही तोच. मग हे शब्द दोन की एकच? 'तोरी' आणि 'दोरी' हाही घोळ आहेच. आणि 'शोमेन-उची इक्क्यो ओमोते' असली लांबलचक नावं फोडायची कशी?

प्रतिसाद

शब्द एकच. मूळ क्रियापद 'उकेरु', म्हणजे घेणे, झेलणे. कराटेत वार झेलायचा, आयकिदोत डाव झेलायचा. म्हणून ज्याच्यावर डाव होतो तो उके.

मराठीत त्याला 'हल्लेखोर' म्हणतात ते मला पटत नाही. त्याचं निम्मंच काम त्यात येतं. आधी नेम धरून, खरा हल्ला करायचा. मग तोल गेला की अंग सांभाळून पडायचं. नवशिके उके हमखास दोन चुका करतात. डाव लागायच्या आधीच उडी मारून पडतात, किंवा हात ताठ करून उभे राहतात. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ताठ हातावर सगळा भार कोपरावर येतो.

पडण्याच्या कलेला 'उकेमी' म्हणतात, त्यातला 'मी' म्हणजे अंग, देह. हाच 'मी' इरिमी (अंग आत घालणे), हानमी (अर्धं अंग, म्हणजे तिरकं उभं राहणे) आणि आतेमी (अंगावरचा प्रहार) या शब्दांत आहे. एक 'मी' कळला की चार शब्द सुटतात.

प्रतिसाद

डाव करणाऱ्याचं नाव परंपरेनुसार बदलतं. आयकिकाईच्या बहुतेक दोजोंत (सरावाच्या जागांत) 'नागे' (फेकणारा), योशिनकानमध्ये 'शिते' (करणारा), तोमिकी केन्जी यांच्या शोदोकानमध्ये ज्युदोप्रमाणे 'तोरी'. तिन्ही शब्द बरोबर. ज्या दोजोत जाल तिथला वापरा.

'तोरी' आणि 'दोरी' मुळात एकच, धरणे किंवा घेणे. समासात दुसऱ्या पदाचं पहिलं व्यंजन बरेचदा मृदू होतं, आपल्या संधीसारखं: तोरीचं दोरी, काएशीचं गाएशी (म्हणून कोते-गाएशी), त्सुकीचं झुकी. गंमत अशी की 'काताते-दोरी'त (एका हाताने मनगट धरणे) धरतो तो उके, आणि शोदोकानमध्ये 'तोरी' म्हणतात ते समोरच्याला. हल्ल्याच्या नावातली दोरी आणि माणसाचं नाव तोरी यांची गल्लत करू नका. योशिनकानवाले तर दोरीच्या जागी 'मोची' म्हणतात: काताते-मोची. चपला शिवणाऱ्याशी संबंध नाही.

प्रतिसाद

नाव फोडायची रीत: आधी हल्ला, मग डाव, शेवटी दिशा. शोमेन-उची = समोरून डोक्यावर वार. इक्क्यो = पहिला धडा. ओमोते = पुढच्या अंगाने. काताते-दोरी शिहो-नागे उरा: मनगट एका हाताने धरलंय, चार दिशांचा फेक-डाव, मागच्या अंगाने. नावाच्या आधी 'सुवारी-वाझा' आलं तर दोघंही गुडघ्यांवर, 'हानमी-हानदाची' आलं तर नागे बसलेला आणि उके उभा.

'काता'शी मात्र जपून. देवनागरीत सारखे दिसणारे तीन शब्द आहेत, जपानीत त्यांची चिन्हं वेगळी. काता-दोरीतला काता म्हणजे खांदा. उके खांद्याजवळचं कापड धरतो. काताते-दोरी फोडायचं ते काता-ते असं, त्यातला काता म्हणजे 'दोहोंपैकी एक' आणि ते म्हणजे हात. तिसरा काता म्हणजे ठरावीक क्रमाचा साचा, कराटेवाल्यांच्या ओळखीचा.

दोन हातांचीही अशीच जोडी आहे. र्‍योते-दोरीत उके आपल्या दोन हातांनी समोरच्याची दोन्ही मनगटं धरतो. मोरोते-दोरीत दोन्ही हातांनी एकच हात.

प्रतिसाद

उच्चाराबद्दल. इंग्रजी स्पेलिंगवरून आपण 'आयकिडो', 'डोजो', 'टोरी' लिहितो. जपानीत ट-ड नाहीत. आयकिदो, दोजो, तोरी हेच जवळचं. 'त्सुकी' (भोसक) म्हणताना हिंदी भाषकांची अडचण होते, मराठी माणसाची नाही: 'चूक'मधला च लावा. 'झानशिन'ला (डावानंतरची सावधानता) 'जड'मधला ज चालतो. शिवाय दोन कठोर व्यंजनांमधले इ-उ जपानी जवळजवळ गिळतात, म्हणून 'शिते' ऐकू येतं 'श्ते'सारखं आणि 'त्सुकी' 'त्स्की'सारखं. शब्दाच्या शेवटी 'सु' आला तरी तेच: सुरुवातीला म्हणायचं ते 'ओनेगाइ शिमास'. सराव संपल्यावरचं 'आरिगातो गोझाइमाश्ता' भूतकाळात आहे, ते आधी म्हणू नये.

दीर्घ 'ओ' आपल्या लिपीत दाखवता येत नाही, पण एका ठिकाणी तो विसरलात तर जपानी पाहुणा हसेल. गुडघ्यांवर चालणं म्हणजे 'शिक्को', शेवटचा ओ लांबवून. तो आखूड केला की लहान मुलांची 'शू' होते.

प्रतिसाद

मूळ प्रश्नातला ओमोते-उरा राहिलाच. शब्दशः ओमोते म्हणजे दर्शनी बाजू आणि उरा म्हणजे आतली. किमोनोच्या अस्तरालाही 'उराजी' म्हणतात. 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' हे भाषांतर इंग्रजीतून आलेलं आहे आणि पायांना त्याचा काही उपयोग नाही.

शोमेन-उची इक्क्यो घ्या. दोघांचाही उजवा पाय पुढे. उकेचा उजवा हात खाली यायला लागायच्या आत भेटायचं: आपला उजवा हात त्याच्या मनगटाजवळ, डावा कोपरावर. कोपर त्याच्याच कानाकडे ढकलायचं. इथपर्यंत दोन्ही प्रकार सारखे. ओमोतेत आता डावा पाय उकेच्या समोरून आत टाकायचा आणि हात कापत खाली न्यायचा. उरात डावा पाय त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेरून मागे टाकायचा, त्यावर फिरायचं आणि त्याला आपल्याभोवती गोल खाली उतरवायचं. पाय टाकायच्या आधीच कोपर खाली ओढलं की उरा फसतो: उके खांदा सावरून परत उभा राहतो. ओमोतेत बहुतेक जण मनगट ओढतात. ओढायचं काहीच नसतं, कोपर पुढे जायला हवं.

शेवटच्या पकडीत उकेचा हात सरळ आणि खांद्याच्या रेषेहून किंचित वर, आपला आतला गुडघा त्याच्या काखेशी, बाहेरचा मनगटाजवळ.

प्रतिसाद

म्हणजे उरा = तेनकान?

प्रतिसाद

नाही. तेनकान ही पायांची हालचाल: पुढच्या पायावर फिरून मागचा पाय मागे नेणे. उरा म्हणजे डाव उकेच्या कोणत्या अंगाला होतो ते. उरात बरेचदा तेनकान येतं, म्हणून शब्द मिसळतात. योशिनकानमध्ये ओमोते-उराऐवजी 'इची' आणि 'नी' (एक, दोन) म्हणतात. ढोबळमानाने उके ओढतो तेव्हा इची, ढकलतो तेव्हा नी.

असाच घोळ आइ-हानमी आणि ग्याकु-हानमीचा. हे शब्द एकट्याच्या उभं राहण्याचे नाहीत, दोघांमधल्या नात्याचे आहेत. दोघांचा एकच पाय पुढे (उजवा-उजवा) तर आइ, उलटसुलट तर ग्याकु. 'ग्याकु-हानमी' ऐकल्यावर दोघंही पाय बदलतात आणि पुन्हा आइमध्येच उभे राहतात. एकानेच बदलायचा.

प्रतिसाद

इक्क्योबद्दल थोडी भर. इक्क्यो, निक्यो, सानक्यो, योनक्यो, गोक्यो: पहिला ते पाचवा धडा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी 'इक्काजो, निकाजो' म्हणत. 'काजो' म्हणजे दस्तऐवजातलं कलम, दाइतो-र्‍यू या जुन्या जुजुत्सू परंपरेच्या तंत्रयादीतून आलेला शब्द. शिओदा गोझो हे आयकिदोचे संस्थापक उएशिबा यांचे युद्धपूर्व शिष्य, त्यामुळे त्यांच्या योशिनकानमध्ये काजो आजही आहे. चौथ्याला 'शिक्यो' नाही, 'योनक्यो'. चारासाठी जपानीत 'शि' आणि 'योन' दोन्ही आहेत, आणि 'शि'चा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखाच असल्याने मोजताना बरेचदा योन घेतात. पण शिहो-नागेत (चार दिशा) शि टिकून आहे.

शिहो-नागेत एक खबरदारी: उकेचा हात दुमडून त्याच्याच खांद्याला चिकटलेला हवा. तो अंगापासून लांब ओढला की कोपर आणि खांदा ताणतो, उकेला नीट पडता येत नाही आणि डोक्याची मागची बाजू आपटू शकते. कोते-गाएशीतही नावच सांगतं काय करायचं. कोते म्हणजे मनगटाजवळचा हात, गाएशी म्हणजे परतवणे. बोटं उकेच्या स्वतःच्या हाताकडे परतवायची. बाजूला पिळलं की मनगटाचा सांधा दुखावतो.

प्रतिसाद

'वाझा'ला मराठीत 'तंत्र' लिहितात. कुस्तीतला 'डाव' का नको? आखाड्यातला माणूस ढाक, कलाजंग यांना तंत्र म्हणत नाही.

प्रतिसाद

डाव उत्तम, सुवारी-वाझासाठी 'बैठे डाव' म्हणता येईल. पण 'कोक्यू-नागे'चं 'श्वास-फेक' करू नये. त्यात सांधा धरायचा नसतो, वेळ साधून तोल घालवायचा असतो. श्वास शोधत बसलेला विद्यार्थी पाय हलवायचे विसरतो. 'माआइ'ला नुसतं 'अंतर' अपुरं, कारण समोरच्याच्या हातात बोक्केन (लाकडी तलवार) आला की ते बदलतं. आणि 'माइत्ता' (हरलो, बस) तसाच ठेवावा. तोंडाने म्हणता आला नाही तर मॅटवर दोनदा थाप मारायची आणि थाप ऐकताच समोरच्याने पकड सैल करायची.