मामाची १९७४ ची सेलिका शेडमधून बाहेर काढायचीये, घरीच करता येईल का?

सेलिकावाला_भाचा

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा मामा नैरोबीला नोकरीला होता, १९७९ ला कायमचा परत आला तेव्हा सामानासोबत गाडी पण जहाजाने आणली. टोयोटा सेलिका, १९७४ चं मॉडेल, कंपनीचा कोड टीए२२, १६०० सीसीचं टू-टी इंजिन, सिंगल कार्बोरेटर, चार गिअर. तेव्हा लक्ष्मी रोडला ही उभी केली की लोक गोळा व्हायचे असं आई सांगते. मी लहानपणी मागच्या सीटवर बसून खडकवासल्याला जायचो, तो रेक्सिन तापल्याचा वास अजून आठवतो. १९९९ ला मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गाडी एरंडवण्यातल्या बंगल्यात पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली ती आजतागायत. मामा चार वर्षांपूर्वी गेला. आता बंगला रीडेव्हलपमेंटला चाललाय, दिवाळीच्या आत जागा मोकळी करायचीये, आणि मामी म्हणाली भंगारात द्यायची नाही, तू ने.

मी धायरीला राहतो, खाली बंद पार्किंग आहे, एक गाडी आणि बाजूला टेबल मावेल एवढं. स्कूटर स्वतः खोलून जोडलेली आहे, कारचा अनुभव शून्य. एका गॅरेजवाल्याने बघून सांगितलं की सगळी खोलून बॉडी नागडी करू, नवीन ड्युको रंग मारू, सहा महिने द्या. आकडा ऐकून गप्प बसलो. माझ्याकडे दोन वर्षांत मिळून तीन-साडेतीन लाख होतील आणि शनिवार-रविवार आहेत.

विचारायचंय ते असं, नवीन बॅटरी लावून आधी इंजिन चालू होतंय का बघू का, म्हणजे अंदाज येईल? घरी काय करावं आणि काय बाहेर द्यावं? आणि कागदपत्रांचं काय, आरसी बुक मामाच्या नावावर आहे, नंबर जुना तीन अक्षरीच आहे.

टूलरूम_काका

अरे भाच्या, पहिलं वाक्य हेच की बॅटरी लावू नकोस. सेल्फ मारायचाच नाही. एवढी वर्षं बंद इंजिनात सिलेंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ थर असतो, पिस्टनच्या रिंगा तिथे धरलेल्या असतात, आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमधे अडकलेला असतो. सेल्फची ताकद काही विचारत नाही, ती फिरवते, मग रिंग तुटते नाहीतर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वाकतो आणि जे इंजिन पॅकिंग-सीलवर सुटलं असतं ते बोअरला, म्हणजे सिलेंडर नव्याने कातायला, जातं. मी ३४ वर्षं टूलरूममधे काढली, निवृत्त झाल्यावर दोन जुन्या गाड्या केल्या, त्यातल्या एकीचा पुशरॉड असाच घाईत घालवलाय म्हणून एवढं पोटतिडकीने सांगतोय.

हे कर. चारही प्लग काढ. काढण्याआधी भोकांभोवतीची माती हवेने उडव नाहीतर आत जाईल. प्रत्येक सिलेंडरमधे एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून तीस-चाळीस मिली सोड. अ‍ॅसिटोन भुर्रकन पेटतं म्हणून शेडचं दार उघडं ठेव आणि जवळपास उदबत्तीसुद्धा नको. आठवडाभर राहू दे, मधे एकदा परत घाल. मग वरचं टॅपेट कव्हर काढ. गाडी न्यूट्रलला, क्रँक पुलीच्या नटाला गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा लाव आणि हाताने, फक्त हाताने, बोटभर पुढे बोटभर मागे. हललं नाही तर जोर वाढवायचा नाही, परत तेल आणि उद्या. फिरायला लागलं की एक माणूस वर बघायला ठेव, आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतायत का. टू-टीला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे बेल्ट कुजून तुटायची भीती नाही, हे तुझं नशीब. दोन पूर्ण फेरे झाले की ऑइल काढून टाक, खालचं चेंबर उघडून गाळ साफ कर, नवीन ऑइल, नवीन फिल्टर, आणि मग प्लग न लावता सेल्फवर फिरवून ऑइल प्रेशर येतंय का बघ. पेट्रोलचा विषय त्यानंतर.

आणि नैरोबीहून आलेली सेलिका म्हटल्यावर ऊर भरून आला बघ. पुढे १९८४, ८५, ८६ अशी सलग तीन वर्षं केनियातली सफारी रॅली सेलिकाने जिंकली, ते मॉडेल तुझ्या गाडीनंतरचं, पण नाव तेच.

पत्रा_आणि_पाना

काकांचं इंजिनचं सगळं पटलं, मी बॉडीबद्दल बोलतो कारण तिथे मी सहा वर्षं घालवलीयेत.

गॅरेजवाला म्हणतो तशी गाडी नागडी करू नका. प्लीज. मी माझ्या १९७१ च्या फियाटला तेच केलं, एका उत्साही दिवाळीच्या सुट्टीत सगळी खोलली, दारं काढली, डॅशबोर्ड काढला, वायरिंग ओढून काढलं, आणि सगळं खोक्यांत भरलं. मग पैसे संपले, मग मुलगी झाली, मग भाड्याचं घर बदललं, आणि खोकी एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिली. कुठला बोल्ट कुठला हे तिसऱ्या वर्षी आठवत नव्हतं. गाडी झाली शेवटी, पण त्यात वडिलांना ती चालवायला मिळाली नाही ते राहूनच गेलं. तुमच्या मामी आहेत अजून. गाडी आधी फिरती आणि थांबती करा, मामींना एक चक्कर मारून आणा, मग एका वेळी एकच भाग खोला, तो पूर्ण करा, बसवा, मग पुढचा. रंग सगळ्यात शेवटी.

शेडमधून हलवताना दोरी लावून ओढू नका. मागच्या ब्रेकचे ड्रम हमखास धरलेले असणार, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर नक्कीच. सपाट ट्रकवर घ्या. शक्य असेल तर आधी चाकं काढून ड्रमवर लाकडाचा ठोकळा ठेवून चौफेर हलके ठोका, मागच्या भोकातून अ‍ॅडजस्टर सैल करा, सुटतात. आणि जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) आणा आधी, बाकी हत्यारं नंतर.

गंज कुठे बघायचा ते सांगतो. बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या सस्पेन्शनच्या वरचा पत्रा, दाराखालची पट्टी, मागच्या चाकाच्या कमानी, पुढच्या काचेच्या रबराखाली, डिकीत स्टेपनीचा खड्डा. चुंबक फडक्यात गुंडाळून सगळीकडे फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दारांच्या खालची पाणी जायची भोकं मातीने बुजलेली असतात, ती आजच मोकळी करा, फुकटचं काम आहे आणि दार वाचतं. पत्र्याचं वेल्डिंग मात्र बाहेरच द्या, मिग वेल्डिंगवाला चांगला डेंटर शोधा. कापायच्या आधी दारं लावून फटी मोजून लिहून ठेवा, कारण खालची पट्टी कापली की बॉडी बसते आणि मग दार लागत नाही.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. जपानी गाडीतले स्टार स्क्रू आपल्या साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरने खोलायचे नाहीत. जपानचं माप वेगळं, जेआयएस म्हणतात, स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. साधा स्क्रूड्रायव्हर त्यातून वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो, आणि कार्बोरेटरचे स्क्रू पितळी-मऊ, एकदा खाल्ले की ड्रिल करत बसा. जेआयएसचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर ऑनलाइन मिळतात, घ्याच. बोल्टचंही तसंच, एम १० ला, म्हणजे दहा मिमीच्या बोल्टला, तुमच्या गाडीत १.२५ ची पिच (आट्यांमधलं अंतर) असेल, नाना पेठेत नुसतं दहाचा बोल्ट द्या म्हटलं तर १.५ ची देतील, दोन आटे जाईल आणि अडकेल. जुना बोल्ट खिशात घेऊनच जायचं.

शलाका_पुणे

कागदांचं मी सांगते, वडिलांच्या गाडीसाठी नुकतंच केलंय.

सगळ्यात आधी गाडी मामींच्या किंवा तुमच्या नावावर. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, बाकीच्या वारसांची ना-हरकत. आरसी बुकवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर पेन्सिलने कागदावर घासून जुळवून बघा, रंगाच्या आत तो नंबर बुजू देऊ नका आणि गंज काढायला तिथे ग्राइंडर तर अजिबात लावू नका. कस्टमचा जुना कागद, बिल ऑफ एंट्री, मामींच्या कपाटात असेल तर सोनं समजून जपा.

नंतर दोन वाटा आहेत. एक, नोंदणीचं साधं नूतनीकरण, दर पाच वर्षांनी. पण तुमची इम्पोर्टेड आहे आणि २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीची फी ऑगस्ट २०२५ पासून ८०,००० झालीये, ग्रीन टॅक्स वेगळा. दुसरी, व्हिंटेज नोंदणी, २०२१ च्या नियमांप्रमाणे. ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी चालते, तुमची बसते त्यात. फी २०,०००, दहा वर्षं मुदत, पुढे ५,०००. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नवीन व्हीए सिरीज घ्यावी लागत नाही, म्हणजे मामांचा नंबर राहील. मात्र रोज ऑफिसला नेता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं, मोठा बदल नको. म्हणून कोणी दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकू म्हणालं तर थांबा. मी तर म्हणेन डॅशबोर्डवर नैरोबीचा एखादा स्टिकर असेल तर तोही काढू नका.

सेलिकावाला_भाचा

सगळ्यांचे मनापासून आभार. शलाकाताई, बिल ऑफ एंट्री सापडलं, मामाने प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवलं होतं! काका, प्लग काढून तेल सोडलंय. चुंबक पण फिरवला, बॅटरीचा ट्रे गेलाय आणि डाव्या मागच्या कमानीत लांबी आहे, बाकी पत्रा आहे. हीटरमधे उंदरांचं घरटं निघालं आणि डॅशखालच्या वायरी कुरतडल्यात. आता टाकी आणि ब्रेकचं सांगा. आणि बारीक पार्टचा गंज घरी कसा काढू, अ‍ॅसिड नको वाटतं.

टूलरूम_काका

टाकी खाली उतरव, उरलेलं पेट्रोल काढ. घरी टाकीला वेल्डिंग करायचं नाही, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. किराणा दुकानातून लिंबूसत आण, लिटरला साधारण १०० ग्रॅम, गरम पाण्यात, दिवसभर ठेव, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, लगेच वाळव आणि लगेच तेल फिरव, नाहीतर तासाभरात परत लाल होते.

पेट्रोलचे सगळे पाइप नवीन. आता पंपावर जवळपास सगळीकडे ई२० आहे, २० टक्के इथेनॉल, जुनं रबर त्यात फुगतं आणि तडकतं, आणि इंजिनच्या डोक्यावर पेट्रोल गळलं तर गाडी जळते. एफकेएम रबराचा पाइप माग, व्हायटॉनही म्हणतात, साधा काळा घेऊ नकोस. पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरची पॅकिंगं पण त्याच्याशी जमणारी हवीत. इथेनॉलने हवा-पेट्रोलचं मिक्श्चर थोडं पातळ होतं, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लागेल असं धरून चाल, प्लगचा रंग बघून ठरव. महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेव, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे जूनपासून हवेत पाणीच असतं.

ब्रेकमधे काटकसर नाही. मास्टर आणि चारही चाकांचे सिलेंडर उघड, आत नखाला खड्डा लागला तर रबर बदलून भागत नाही, भोसरीला बोअर करून स्टीलचं स्लीव्ह बसवून देणारे आहेत. लवचिक पाइप सगळे नवीन. ब्रेकचं तेल डॉट ३ किंवा ४ चं, डॉट ५ नाही.

बारीक पार्टला बादलीत पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. मायनस गंजलेल्या पार्टला, प्लस एका भंगार लोखंडी पट्टीला, दोन्ही एकमेकांना टेकवू नकोस. स्टेनलेसची पट्टी चुकूनही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. उघड्यावर कर, हायड्रोजन सुटतो. ब्राकेट, पट्ट्या, झाकणं यासाठी उत्तम, स्प्रिंगा आणि कडक बोल्ट मात्र त्यात घालायचे नाहीत, ठिसूळ होतात.

पत्रा_आणि_पाना

रंगाचं एवढंच की पार्किंगमधे टू-के रंग मारू नका, त्यातला हार्डनर फुप्फुसाला कायमचा त्रास देतो आणि साधा मास्क त्याला पुरत नाही, वर सोसायटीतली मुलं असतात. तो बूथवाल्याकडेच, आणि पावसाळा संपल्यावर. दमट हवेत ड्युको पांढरट पडतो.

इंजिनच्या पार्टची फार काळजी नको, टू-टी इंजिन त्या काळच्या करोला आणि करिनालाही होतं, त्यामुळे पॅकिंग सेट, रिंगा बाहेरून मागवता येतात. सेलिकाचे स्वतःचे दिवे, ग्रिल, क्रोम पट्ट्या मात्र मिळणं कठीण, ते काढून घरात कपाटात ठेवा, पार्किंगमधे नाही.

सेलिकावाला_भाचा

आज रविवार. फिरलं!! नवव्या दिवशी, दोन बोटं हललं आणि मग हळूहळू पूर्ण फेरा. मामी खुर्ची टाकून शेडच्या दारात बसली होती, काही बोलली नाही, आत जाऊन सगळ्यांना चहा घेऊन आली.

एक अडचण आहे. सात व्हॉल्व्ह बरोबर वर येतायत, चौथ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट खाली जातो पण वर यायला वेळ लावतो, स्प्रिंग ढकलतेय असं दिसतं. फिरवत राहू का?

टूलरूम_काका

थांब तिथेच. फिरवू नकोस. त्याच्या दांड्यावर तेल आणि अ‍ॅसिटोनचं तेच मिश्रण थेंब थेंब सोड, सकाळ-संध्याकाळ, आणि प्लास्टिकच्या हातोडीने वरून अगदी हलके टिचक्या मार, त्या वेळी पिस्टन खाली असायला हवा. पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी येतो, डायल गेज घेऊन येईन, व्हॉल्व्ह किती उठतो आणि बसतो ते मोजू. नाहीच सुटला तर हेड उतरवू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पत्ता मेसेजमधे पाठव. आणि बॅटरी अजून आणली नसशील अशी आशा करतो.

सेलिकावाला_भाचा

नाही आणली काका. पत्ता पाठवलाय. मामी विचारतेय तुम्ही चहात साखर घेता का.