ओव्हन बंद पडला, भाऊ २७ला येतोय: नाताळचं जेवण कधी ठेवू?

निशिगंध_वसई | २२ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे मी वाचते जास्त, लिहिते क्वचित. पण आज सल्ला हवाय आणि तो उद्या दुपारपर्यंत हवाय.

माझं माहेर नंदाखालजवळ. जुनं घर पाडून नवं बांधकाम सुरू आहे, म्हणून आई-पप्पा सध्या आमच्याकडे माणिकपूरला आहेत. नाताळचं जेवण आजवर कायम माहेरी व्हायचं. मागच्या पडवीत चूल, त्यावर मोठे टोप, अंगणात खुर्च्या. यंदा ते आमच्या फ्लॅटवर करायचं मी हौसेनं अंगावर घेतलं. बेत असा होता: २४ला रात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना), घरी येऊन केक आणि कॉफी. २५ला दुपारी फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे), सोरपोतेल (डुकराचं मांस आणि कलेजीचं व्हिनेगर घातलेलं कालवण), कोंबडीचं सुकं, पुलाव. काका, आत्या, त्यांची मुलं आणि मस्कतहून येणारा भाऊ-वहिनी, पोरांसकट.

आता भावाची रजा सरकली. तो २७ला, शनिवारी सकाळी उतरणार. त्याचा फोन आला तेव्हा आई कलकल (नाताळचा गोड फराळ) वळत बसली होती. काट्यावर पीठ दाबून गुंडाळी करायची आणि परातीत टाकायची, हे तिचे हात न बघता करतात. फोन झाल्यावरही ती वळतच राहिली, पण बोलली नाही.

त्यात आज ओव्हनची कॉइल गेली. दुरुस्तीवाला म्हणतो, पार्ट २६नंतरच मिळेल. काळ्या मनुका, चेरी, संत्र्याची साल ऑक्टोबरपासून रममध्ये मुरत आहेत. बरणी उघडली की सगळ्या घरात वास येतो. ते सगळं तसंच पडून राहणार की काय, अशी धाकधूक आहे.

तिसरी गोष्ट तुम्हाला लहान वाटेल, मला वाटत नाही. आई दरवर्षी नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरते. पसरट ताटात माती, त्यावर दाणे, वर ओलं फडकं. नाताळपर्यंत बोटभर हिरवंगार शेत होतं. माहेरी ती ताटं ओट्यावर उन्हात असायची. इथे हॉलच्या कोपऱ्यात ठेवली आणि सगळे कोंब पिवळट, लांबुळके झालेत. आई दिवसातून दहादा फडकं उचलून बघते.

झालेलं काम: सोरपोतेल काल शिजवून ठेवलंय, चार किलोचं. न्युऱ्या (आमच्या करंज्या), कलकल, नानकटाई डब्यात.

प्रश्न असा की जेवण २५लाच ठेवू की भाऊ आल्यावर? आई म्हणते, सण पुढे ढकलायचा नसतो. पप्पा म्हणतात, पोरं आल्याशिवाय कसला सण. दोघांनाही मी नाही म्हणू शकत नाही. आणि ओव्हनशिवाय केकचं काय करू?

पापडीचा_काका | २३ डिसेंबर, सकाळी ६.१५

बेटा, मी पॅरिशमध्ये अनेक वर्षं पोरांना धर्मशिक्षण दिलंय आणि त्यांच्याबरोबर गोठेही बांधलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझी आई बरोबर आहे आणि पप्पाही. नाताळ हा चर्चच्या पंचांगात एका दिवसाचा सण नाहीच. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हे आठही दिवस नाताळचेच धरतात. २६ला संत स्टीफन, २७ला संत योहान, आणि या आठवड्यात येणारा रविवार पवित्र कुटुंबाचा, म्हणजे येशू, मारिया आणि योसेफ यांचा. पुढे तीन राजांचा सण, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळचा काळ चालतो. आपल्याकडे २६ला दुपारी लोक तारे उतरवायला लागतात ते मला बघवत नाही. नाताळाआधी चार आठवडे तयारीचा आगमनकाळ पाळायचा आणि ज्याच्यासाठी पाळला तो काळ एका दुपारीत गुंडाळायचा, हे बरं नव्हे.

म्हणून २५ला २५चं जेवण कर. जे आहेत त्यांच्यासाठी, आटोपशीर. आईला सण त्या दिवशी हवाय, तो तिला मिळायला हवा. आणि मोठं जेवण २७ला नको, २८ला ठेव. शनिवारी सकाळी उतरलेली पोरं दुपारी पेंगतील. रविवारी सगळे मिळून मिस्सेला जा आणि मग निवांत जेवा. यंदा २८लाच पवित्र कुटुंबाचा सण येतोय. पप्पांना एवढं सांगितलंस की ते दुसरं काही विचारणार नाहीत.

आता नाचणी. वाया गेलेली नाही, तिला फक्त उजेड मिळालेला नाही. आत्ताच्या आत्ता फडकं कायमचं काढ आणि ताटं गॅलरीत किंवा पूर्वेच्या खिडकीत ठेव. कोवळं ऊन चालेल, दुपारचं कडक नको. पाणी हातानं शिंपड, ओतू नकोस, लांब वाढलेले कोंब आडवे पडतात. एक-दोन दिवसांत हिरवा रंग चढतो. फार लोळत असतील तर कात्रीनं वरून सारखे कर. जे पिवळेच राहतील ते कापून वाळव आणि गव्हाणीत बाळाखाली अंथर. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेचो गावात गोठा मांडला तेव्हा त्यात गवत होतं आणि खरेखुरे बैल-गाढव होते. हल्ली आम्ही थर्माकोलचे डोंगर करतो आणि गवतच विसरतो.

भाच्यांसाठी एक काम राखून ठेव. तीन राजे गोठ्यात आत्ताच मांडू नकोस. टीव्हीच्या कपाटावर, दाराजवळ, कुठेतरी लांब ठेव. पोरं आली की त्यांनी रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे, तीन राजांच्या सणापर्यंत. आमच्याकडे नातवंडं यावरून भांडतात, म्हणून आता प्रत्येकाला एकेक राजा वाटून दिलाय.

केकसाठी जवळची लाकडाच्या भट्टीची जुनी बेकरी शोध. दिवाळीत नानकटाईचे ट्रे घेऊन लोक जातात, तशा बेकऱ्या अजून आहेत. सकाळचा पाव निघाला की भट्टीची आच उतरती असते, आणि फ्रूट केकला तीच मानवते, कारण तो सावकाश भाजावा लागतो. आज जाऊन विचारून ये. टिनवर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटव. या दिवसांत तिथे सगळ्यांचे टिन सारखेच दिसतात.

मडगावची_मावशी | २३ डिसेंबर, सकाळी ९.०५

काकांनी सगळं छान सांगितलंय. मी स्वयंपाकघरातलं सांगते.

सोरपोतेलाची काळजी सोड. ते मुरल्यावरच चवीला येतं, आमच्या घरी पहिल्या दिवशी कोणी हातच लावत नाही. पण २१चं २८पर्यंत न्यायचंय आणि त्यात कलेजी आहे, म्हणून आजच दोन भाग कर. अर्धं २५साठी फ्रीजमध्ये. ते रोज एकदा चांगली उकळी येईपर्यंत गरम करायचं, झाकण न ठेवता निवू द्यायचं आणि परत आत. उरलेलं अर्धं थंड करून डब्यात भरून फ्रीझरला टाक आणि २७च्या रात्रीपर्यंत त्याला हात लावू नकोस. स्टीलमध्ये किंवा मातीच्या भांड्यात ठेव. व्हिनेगर असल्यामुळे ॲल्युमिनियमचा टोप नको.

बेकरी मिळाली नाही तर केकच्या मागे लागू नकोस, बातिक कर. रवा, ओलं खोबरं, साखर, लोणी, अंडी. या पिठाला घाई नसते. उलट रात्रभर ठेवलं की रवा फुलतो आणि बातिक मऊ होते. आमची आजी जाड भांड्यात ओतून खाली मंद निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवायची. गॅसवर करताना खाली जाड तवा, त्यावर भांडं, आणि झाकणावर दुसरा चांगला तापवलेला तवा. वरचा तवा निवला की पुन्हा तापवून ठेवायचा. वरून रंग कमी येईल, चव तीच.

तुझी रममधली फळं मात्र बरणीतच राहू देत. फडताळात पुढच्या नाताळपर्यंतही राहतील. ओव्हन दुरुस्त झाला की भाऊ असताना केक कर, म्हणजे त्याच्या पोरांना घरात केक भाजल्याचा वास तरी मिळेल. मस्कतला तयार केक मिळतोच.

अजून एक. आईला कुसवाडाची, म्हणजे शेजारी वाटायच्या नाताळच्या फराळाची, ताटं भरायला बसव. आमच्याकडे ज्या घरात त्या वर्षी कोणी वारलं असेल तिथे गोडधोड करत नाहीत, शेजाऱ्यांनी पाठवायचं असतं. तुमच्या बिल्डिंगमध्ये असं घर असेल तर पहिलं ताट तिथे जाऊ दे. आईच्या वाडीत तिला सगळ्यांची घरं ठाऊक होती. फ्लॅटमध्ये ती कोणालाच ओळखत नसणार, आणि मला वाटतं निम्मं दुःख त्याचंच आहे.

नगरवाला_७४ | २३ डिसेंबर, दुपारी १२.३०

आम्ही नगरचे, प्रोटेस्टंट. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, अनारसे असा दिवाळीसारखाच फराळ असतो, त्यामुळे ओव्हनचा प्रश्न येत नाही. पण माणसं न येण्याचा येतो. माझी मुलगी परदेशात असते. आम्ही २५ला संध्याकाळी पेटी-तबला घेऊन बसतो, रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणतो आणि फोन पेटीवर ठेवून देतो. ती तिकडून म्हणते. आवाज मागे-पुढे होतो, ताल जुळत नाही, तरी तिची आई त्यासाठी नवी साडी नेसते. तुमच्या भावाला २५ला जेवणाच्या वेळी व्हिडिओवर घ्या आणि प्रार्थना त्याला म्हणायला सांगा. नुसतं बोलायला फोन लावला की रडारड होते. काम दिलं की बरं पडतं.

निशिगंध_वसई | २३ डिसेंबर, रात्री ९.२०

काका, मावशी, नगरवाले दादा, मनापासून आभार. तुमचे निरोप आईला मोठ्यानं वाचून दाखवले.

ठरलं ते असं. २५ला घरचे आणि काका-आत्या, मोठं जेवण २८ला. पवित्र कुटुंबाचं सांगितल्यावर पप्पा खरोखरच पुढे काही बोलले नाहीत. लगेच उठून बांधकामावरून खुर्च्या आणायचं बघायला लागले.

बेकरी मिळाली, पण मालक म्हणाले २४पर्यंत भट्टी भरलेली आहे, २७ला पाव निघाल्यावर या. म्हणजे भाऊच टिन घेऊन जाईल. उद्या रात्रीसाठी बातिक करतेय, पीठ भिजवून ठेवलंय.

नाचणीची ताटं सकाळी गॅलरीत नेली. संध्याकाळी कडेच्या कोंबांवर पोपटी छटा आली होती. आईनं शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली. काकूंचे मिस्टर मार्चमध्ये गेले, हे आईला तेव्हाच कळलं. मावशी, पहिलं ताट तिथेच जाणार आहे. आईनं त्यात न्युऱ्या जास्त भरल्यात, कारण काकूंना करंजी आवडते.

एकच शंका उरली. फुगे दोन्ही दिवशी हवेत. पीठ एकदाच भिजवून अर्धं २८पर्यंत ठेवता येईल का? माहेरी ताडी घालून आंबवायचे, मी यीस्ट घालते.

मडगावची_मावशी | २३ डिसेंबर, रात्री १०.००

नको ठेवूस. त्यात अंडी आहेत, नारळाचं दूध आहे, तीन दिवसांत आंबट ढाण होईल. दोन्ही वेळा ताजं भिजव. डिसेंबरात पीठ वर यायला वेळ लागतो, म्हणून दूध कोमट घे आणि पातेलं गरम पाण्याच्या टोपात बसवून जाड टॉवेलनं झाक. दुप्पट झाल्याशिवाय तेल तापवू नकोस. तळताना शेजारी पाण्याची वाटी ठेव. डाव्या मुठीत पीठ धरून अंगठ्याजवळून वर दाबायचं, ओल्या बोटानं गोळा काढून तेलात सोडायचा. हलका झाला असेल तर आपोआप कूस बदलतो.

आणि २८ला वहिनीला तळायला घे. एकटीनं करू नकोस.

पापडीचा_काका | २४ डिसेंबर, सकाळी ६.४०

बेटा, २७ला बेकरीत जाताना टिनला आतून बटर पेपर दुहेरी लाव, खालीही आणि कडेलाही. भट्टीची फरशी तापलेली असते, फळांच्या साखरेमुळे बूड लवकर करपतं. बाहेरून ओल्या वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळलीस तर आणखी बरं. केकच्या मध्यभागी सुरी घालून ती कोरडी निघाली की तो झाला.

तुम्हा सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. पप्पांना खुर्च्या कमी पडल्या तर इथे कळव. आमच्या अंगणात आहेत, कोणाच्या तरी टेम्पोतून पाठवतो.