ग्रँट, सबसिडी आणि जेरबंद कार्बन : ‘अनुदान’ नेमके कशाला म्हणावे?

अनुवादिका : कारखान्यांच्या धुराड्यांतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याच्या तंत्रज्ञानाला सरकारे जो पैसा देतात, त्याविषयीचा एक लेख मी मासिकासाठी मराठीत आणत आहे. टेक्ससमधल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पाला अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेली सुमारे १९ कोटी डॉलरची ‘ग्रँट’, पुरून टाकलेल्या प्रत्येक टनामागे मिळणारे ८५ डॉलरचे ‘टॅक्स क्रेडिट’ आणि या दोन्हींवर टीकाकारांनी मारलेला ‘सबसिडी’ हा शिक्का, असे तीन शब्द एकाच परिच्छेदात आले असून लेखकाचा सगळा युक्तिवाद त्यांच्यातील फरकावर उभा आहे. मी अनुक्रमे अनुदान, करसवलत आणि अर्थसाहाय्य असे लिहिले होते. संपादकांनी ‘वाचकाला गॅसचे अनुदान कळते’ असे सांगून तिन्ही ठिकाणी ‘अनुदान’ केले, त्यामुळे आता अनुदानाची तुलना अनुदानाशी होत आहे. त्याखेरीज शीर्षकातल्या ‘कार्बन कॅप्चर’चे ‘कार्बन-ग्रहण’ झाले आहे, ते वेगळेच. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

निवृत्त लेखापाल : ‘अनुदान’ हा शब्द मी सरकारी नोकरीत सर्वाधिक वेळा लिहिला असेल, म्हणून सांगतो. आमच्या लेखी फरक अगदी सरळ होता : ज्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ज्याची अखर्चित रक्कम ३१ मार्चच्या आत समर्पित, म्हणजे सरकारला परत, करावी लागते, ते सहायक अनुदान; खतावर किंवा ठिबक सिंचनावर मिळते, ती सबसिडी. मात्र तिलाही शासन निर्णयात अनुदानच म्हटलेले असते, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा आपल्या संपादकांनी गोंधळ घातला असे म्हणण्यापेक्षा शासनाने घातलेला गोंधळ पुढे चालवला, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

शुद्धमती : गोंधळ शब्दाचा नसून तो वापरणाऱ्यांचा आहे. ‘अनु’ म्हणजे मागून, नंतर. अनुज हा नंतर जन्मलेला, तसे अनुदान हे काम झाल्यानंतर दिलेले दान. या व्युत्पत्तीने पाहिल्यास टन जमिनीत गेल्यावर मिळणारे करातील श्रेय हेच खरे अनुदान होय, आणि प्रकल्प उभा राहण्याआधीच हाती पडणाऱ्या पैशाला ‘अग्रदान’ म्हणावे.

निवृत्त लेखापाल : ताई, आपल्या व्युत्पत्तीप्रमाणे ‘अनुकूल’ म्हणजे नंतरचा किनारा होईल.

भट्टीवाला : मी चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटच्या भट्टीवर बावीस वर्षे काढली आहेत. शब्दांचे काय ते तुम्ही ठरवा, परंतु आधी की नंतर हा मुद्दा क्षुल्लक नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कोळशाच्या धुरातला कार्बन पकडण्याच्या आठ प्रकल्पांवर सुमारे ६८ कोटी डॉलर खर्च केले आणि त्यांतला एकच, म्हणजे पेट्रा नोव्हाच, चालू झाला, असे तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये नोंदवले. तोही २०१७ ते २०२० एवढाच चालला, तेलाचे भाव कोसळल्यावर बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला, कारण तिथे पकडलेला वायू तेलविहिरीत दाबून उरलेले तेल वर काढण्यासाठी वापरला जात होता. ग्रँट बुडू शकते. टनावारी सवलतीत टन पुरला नाही तर सरकारचा पैसा जात नाही. एवढा फरक ज्या भाषांतरात दिसत नाही, ते भाषांतर माझ्या मते चुकलेले आहे. ‘ग्रहण’ मात्र काढाच. आमच्याकडे सगळे ‘कॅप्चर’ म्हणतात.

शुद्धमती : पाणिग्रहण चालते, पदग्रहण चालते, मग कार्बनग्रहणानेच सूर्य कसा झाकोळतो? आणि कार्बन तरी कशाला, ‘कर्ब’ म्हणावे.

भट्टीवाला : कर्ब कोण म्हणतो?

शुद्धमती : माती परीक्षणाचा अहवाल हातात घेतलेला प्रत्येक शेतकरी ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणतो. ज्याला आपण पुस्तकी समजत आहात, तो शब्द बांधावर नांदतो आहे.

फ्योर्डकाठचा कोकणी : नॉर्वेत राहत असल्याने थोडी भर घालतो. ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात वर्षाला ४ लाख टन वायू, म्हणजे त्या कारखान्याच्या उत्सर्जनापैकी सुमारे निम्मा, पकडण्याचा प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. पकडलेला वायू द्रवरूपात जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर नेऊन समुद्रतळाखाली सुमारे २,६०० मीटर खोल सोडतात. इथे सरकार उभारणीच्या खर्चाबरोबर पहिल्या दहा वर्षांच्या चालवण्याच्या खर्चातही वाटा उचलते, त्यामुळे ‘आधी की नंतर’ या कसोटीवर हा पैसा कुठेच बसत नाही. नॉर्वेजियन भाषेत त्याला ‘तिलस्कुद’ म्हणतात आणि त्यात ग्रँट व सबसिडी दोन्ही येतात, म्हणजे संपादकांना तिकडेही साथीदार मिळाले असते. पकडण्याला शब्द आहे ‘फांग्स्त’, जो इथले कोळी जाळ्यात आलेल्या मासळीसाठी वापरतात. आमच्या बंदरावर ‘पकड’ म्हणतात. ‘कार्बन-पकड’ का नको?

भट्टीवाला : पकड म्हणजे पान्ह्याशेजारची पकड. फिटर हसतील.

निवृत्त लेखापाल : वर्तमानपत्रे बिबट्या जेरबंद करतात, तसा ‘कार्बन जेरबंद’ म्हणावे. जेरबंद हा मूळचा घोड्याच्या साजातला पट्टा : फारसीत ‘झेर’ म्हणजे खाली आणि ‘बंद’ म्हणजे बांधणारा. घोड्याचे डोके वर उसळू नये म्हणून तो तोंडापासून पोटाखालच्या तंगापर्यंत बांधतात. समुद्रतळाखाली वायू डांबण्याला याहून नेमका शब्द संस्कृताने दिलेला नाही.

शुद्धमती : बिबट्याला पुढे जंगलात सोडून देतात, हे आपण विसरलात.

अनुवादिका : सर्वांची आभारी आहे, ‘जेरबंद’ शीर्षकासाठी नक्कीच सुचवते. मात्र छपाई उद्या आहे आणि परिच्छेदात अजूनही तीन अनुदाने शेजारी शेजारी उभी आहेत. ‘करसवलत’ तरी परत आणावी काय, एवढे कुणी सांगेल का?

फ्योर्डकाठचा कोकणी : लेखापालसाहेब, जेरबंदातला ‘जेर’ आणि ‘जेरीस येणे’ मधला ‘जेर’ एकच काय?

निवृत्त लेखापाल : एकच असावा, कारण जेरीस आलेला माणूस खाली दबलेलाच असतो. मात्र ‘जर्जर’शी त्याचा संबंध जोडणारे काही जण मला भेटले आहेत, त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.